दादर युनियन स्पोर्टिंग क्लबचे कसोटी क्रिकेटपटू

दादर युनियन स्पोर्टिंग क्लब हा मुंबईच्या क्लब क्रिकेटमधील एक नामवंत क्लब आहे. माटुंग्याचे दडकर मैदान हे या क्लबचे मैदान म्हणून ओळखले जाते. या क्लबकडून खेळत असताना ज्यांनी कसोटी सामन्यांत भारताचे प्रतिनिधित्व केले, अशा सहा प्रमुख खेळाडूंचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे. माधव मंत्री, नरेन ताम्हाणे, सुनील गावसकर, रामनाथ पारकर, दिलीप वेंगसरकर आणि संजय मांजरेकर हे ते सहा खेळाडू होत.

मंत्री यांनी डिसेंबर १९५१ मध्ये पहिला कसोटी सामना खेळला, तर मांजरेकर यांनी शेवटचा कसोटी सामना नोव्हेंबर १९९६ मध्ये खेळला. सुमारे ४५ वर्षांच्या या कालखंडात या सहा जणांनी मिळून ३०५ कसोटी सामन्यांत भाग घेतला, १९,४०५ धावा केल्या आणि ५५ शतके झळकावली. मात्र या आकड्यांतील फार मोठा वाटा गावसकर आणि वेंगसरकर या दोघांचा आहे. मंत्री आणि पारकर यांच्या वाट्याला अनुक्रमे चार आणि दोनच कसोटी सामने आले. क्लबच्या जडणघडणीतील प्रत्येकाचे स्थान केवळ या आकड्यांवरून ठरत नाही. त्यासाठी मुंबईच्या क्लब क्रिकेटची रचना समजून घेणे आवश्यक ठरते.

क्लबचा आंतरराष्ट्रीय खेळाडू : संकल्पना

एखाद्या क्लबमध्ये असताना देशाकडून खेळलेल्या खेळाडूंची यादी ठेवण्याची पद्धत प्रामुख्याने इंग्लिश फुटबॉलमधील आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यातील पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगो येथे झाला. पुढे देशाकडून खेळणाऱ्या खेळाडूस मानाची टोपी देण्याची प्रथा रूढ झाली. त्यामुळे आजही खेळाडूने देशाकडून किती सामने खेळले हे 'किती टोप्या मिळवल्या' अशा शब्दांत सांगितले जाते. इंग्लिश क्लब आपल्या खेळाडूंनी मिळवलेल्या या टोप्यांचा हिशेब अभिमानाने ठेवतात.

या हिशेबाचा नियम काटेकोर असतो. खेळाडू ज्या काळात क्लबकडे करारबद्ध होता, त्या काळातील आंतरराष्ट्रीय सामनेच त्या क्लबच्या खात्यावर जमा होतात. उदाहरणार्थ, बॉबी चार्लटन यांनी इंग्लंडकडून खेळलेले सर्व १०६ सामने मँचेस्टर युनायटेडमध्ये असताना खेळले. त्यामुळे ते सर्व एकाच क्लबच्या नावावर मोजले जातात. याउलट डेव्हिड बेकहॅम यांचे ११५ सामने मँचेस्टर युनायटेड, रेआल माद्रिद आणि त्यानंतरचे क्लब यांच्यात विभागले जातात. करार कोणत्या दिवशी सुरू झाला व कोणत्या दिवशी संपला याची नोंद असल्याने तेथे संदिग्धतेला जागा उरत नाही.

मुंबईच्या क्लब क्रिकेटला हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. येथील क्लब हे हौशी खेळाडूंचे होते. क्लब खेळाडूला वेतन देत नसे. उलट खेळाडूच क्लबचा वर्गणीदार सभासद असे. उपजीविकेसाठी तो एखाद्या कंपनीत किंवा बँकेत नोकरी करी व त्या आस्थापनेच्या संघाकडून टाइम्स शील्डसारख्या स्पर्धेत खेळे. शिवाय महाविद्यालयात असताना विद्यापीठाचा संघ आणि निवड झाल्यास रणजी करंडक स्पर्धेसाठी मुंबईचा संघ, अशी त्याची अनेक नाती एकाच वेळी असत. गावसकर यांचे नाव निर्लॉन कंपनीच्या संघाशी आणि वेंगसरकर यांचे टाटांच्या संघाशी जोडले जाते, ते याच कारणाने. गावसकर १९८० च्या हंगामात इंग्लंडमधील सॉमरसेट या काउंटीकडूनही खेळले. तरीही मुंबईत त्यांची ओळख दादर युनियनचे खेळाडू अशीच राहिली. नोकरी बदलली तरी क्लब सहसा बदलत नसे. त्यामुळे येथे 'क्लबमध्ये असताना' या शब्दांचा अर्थ कराराच्या मुदतीपेक्षा सभासदत्वाच्या आणि निष्ठेच्या नात्याने घ्यावा लागतो.

मैदानापासून भारतीय संघापर्यंतचा मार्ग

दादर युनियनच्या खेळाडूची भारतीय संघात निवड होण्यात क्लबचा थेट सहभाग नसे. मुंबई क्रिकेट संघटनेच्या, म्हणजे तेव्हाच्या बॉम्बे क्रिकेट असोसिएशनच्या, स्थानिक स्पर्धांतील कामगिरी हा पहिला टप्पा होता. कांगा लीग, पुरुषोत्तम शील्ड आणि पोलिस शील्ड या त्यांतील प्रमुख स्पर्धा होत. तेथून मुंबईच्या रणजी संघात, १९६१-६२ पासून दुलीप करंडकासाठी पश्चिम विभागाच्या संघात आणि त्यानंतर भारतीय संघात, असा हा चढता क्रम होता.

यातील सर्वांत अवघड टप्पा मुंबईच्या संघात स्थान मिळवण्याचा असे. १९५८-५९ ते १९७२-७३ या काळात मुंबईने रणजी करंडक सलग १५ वेळा जिंकला. अशा संघात जागा रिकामी होणे दुर्मीळ होते. त्यामुळे देशातील अन्य राज्यांत सहज संघात आला असता असा खेळाडू मुंबईत वर्षानुवर्षे क्लब क्रिकेटमध्येच राही. याचा परिणाम असा झाला, की क्लबच्या सामन्यांचा दर्जा उंच राहिला. कोवळ्या वयाच्या फलंदाजाला रविवारच्या सामन्यात रणजी किंवा कसोटी दर्जाच्या गोलंदाजाला तोंड द्यावे लागे.

पारशी क्रिकेटपटू डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८ मध्ये सुरू झालेली कांगा लीग ही या व्यवस्थेची कसोटी मानली जाते. ही स्पर्धा ऐन पावसाळ्यात खेळवली जाते. खेळपट्टी झाकलेली नसल्याने ती ओली राहते. चेंडू कधी अनपेक्षितपणे उसळतो, तर कधी खाली राहतो. मैदानावरील गवत वाढलेले असल्याने जमिनीलगत मारलेला चेंडू सीमेपर्यंत पोहोचत नाही. अशा परिस्थितीत काढलेल्या ५० धावांना कोरड्या खेळपट्टीवरील शतकाचे मोल दिले जाते. चेंडू उशिरा खेळणे, हात सैल ठेवणे आणि बाहेर जाणारा चेंडू सोडून देणे ही कौशल्ये या स्पर्धेत अंगवळणी पडत. इंग्लंडमधील ढगाळ हवामानात मुंबईच्या फलंदाजांना या सरावाचा लाभ झाला, असे मुंबईच्या जाणकारांचे मत आहे.

खेळाडू

माधव मंत्री

माधव कृष्णाजी मंत्री यांचा जन्म १ सप्टेंबर १९२१ रोजी नाशिक येथे झाला. यष्टिरक्षक आणि सलामीचे फलंदाज असलेल्या मंत्री यांनी चार कसोटी सामन्यांत ६७ धावा केल्या. १९५१-५२ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर इंग्लंडविरुद्ध त्यांचे पदार्पण झाले. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यातील लीड्स कसोटीच्या दुसऱ्या डावात भारताची धावसंख्या शून्य असताना चार गडी बाद झाले होते. त्या चौघांत मंत्री यांचा समावेश होता. फ्रेड ट्रूमन या इंग्लिश वेगवान गोलंदाजाचा तो पहिलाच कसोटी सामना होता.

कसोटी कारकीर्द अल्प असली तरी दादर युनियनच्या इतिहासात मंत्री यांचे स्थान मध्यवर्ती आहे. क्लबचे कर्णधार म्हणून त्यांनी घालून दिलेली शिस्त हे पुढील पिढ्यांसाठी क्लबचे वैशिष्ट्य ठरले. सामन्याच्या वेळेपूर्वी मैदानावर हजर राहणे, पोशाख स्वच्छ ठेवणे आणि पंचांचा निर्णय निमूटपणे स्वीकारणे या गोष्टींत नावाजलेल्या खेळाडूलाही सवलत नसे. मुंबईच्या रणजी संघाचेही त्यांनी नेतृत्व केले.

मंत्री हे सुनील गावसकर यांचे मामा होत. बालपणी मामांच्या घरी ठेवलेले भारतीय संघाचे स्वेटर पाहून गावसकर यांनी त्यांतील एक मागितला. मामांनी तो दिला नाही. अशी वस्तू स्वतःच्या कर्तबगारीने मिळवावी लागते, असे त्यांनी भाच्याला समजावले. हा प्रसंग गावसकर यांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदवला आहे. २३ मे २०१४ रोजी मंत्री यांचे निधन झाले, तेव्हा ते भारताचे सर्वांत वयोवृद्ध हयात कसोटीपटू होते.

नरेन ताम्हाणे

नरेन ताम्हाणे (४ ऑगस्ट १९३१ – १९ मार्च २००२) यांनी २१ कसोटी सामन्यांत यष्टिरक्षण केले. यष्टींमागे त्यांनी ३५ झेल घेतले आणि १६ फलंदाजांना यष्टिचीत केले. १९५४-५५ मधील भारताच्या पहिल्या पाकिस्तान दौऱ्यात त्यांचे पदार्पण झाले. याच दौऱ्यात मंत्री यांनी आपला शेवटचा कसोटी सामना खेळला. एकाच क्लबच्या एका यष्टिरक्षकाची कारकीर्द संपत असताना दुसऱ्याची सुरू व्हावी, असा हा योग होता.

बाद केलेल्या ५१ फलंदाजांपैकी १६ यष्टिचीत असणे हे प्रमाण लक्षणीय आहे. त्या काळी भारतीय गोलंदाजीची मदार फिरकीवर, विशेषतः सुभाष गुप्ते यांच्या लेगस्पिनवर होती. गुप्ते यांचे चेंडू फलंदाजाप्रमाणेच यष्टिरक्षकालाही चकवत. त्यांच्या गोलंदाजीवर विनासायास यष्टिरक्षण करणारे म्हणून ताम्हाणे नावाजले गेले. फलंदाजीत त्यांची सर्वोच्च धावसंख्या नाबाद ५४ होती. कसोटी कारकिर्दीचा शेवट १९६०-६१ च्या हंगामात झाल्यानंतर ते पुढे राष्ट्रीय निवड समितीचे सदस्य झाले. १९८९ च्या पाकिस्तान दौऱ्यासाठी १६ वर्षांच्या सचिन तेंडुलकर यांची निवड करणाऱ्या समितीत त्यांचा समावेश होता.

सुनील गावसकर

सुनील मनोहर गावसकर यांचा जन्म १० जुलै १९४९ रोजी मुंबईत झाला. मार्च १९७१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी कसोटी पदार्पण केले. दुखापतीमुळे पहिल्या सामन्यास मुकल्यानंतर उर्वरित चार सामन्यांत त्यांनी ७७४ धावा केल्या. त्यांत चार शतकांचा समावेश होता आणि त्यांपैकी एक द्विशतक होते. भारताने ती मालिका जिंकली. वेस्ट इंडीजविरुद्ध भारताचा हा पहिलाच मालिका विजय होता.

गावसकर यांनी १२५ कसोटी सामन्यांत १०,१२२ धावा आणि ३४ शतके केली. डिसेंबर १९८३ मध्ये मद्रास येथे वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद २३६ धावा करून त्यांनी डॉन ब्रॅडमन यांचा २९ शतकांचा विक्रम मागे टाकला. मार्च १९८७ मध्ये अहमदाबाद येथे पाकिस्तानविरुद्ध खेळताना कसोटी क्रिकेटमध्ये १०,००० धावा पूर्ण करणारे ते जगातील पहिले फलंदाज ठरले.

त्यांच्या फलंदाजीची घडण सांगताना क्लबचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. वासू परांजपे यांच्यासारखे कर्णधार, मंत्री यांच्यासारखे शिस्तप्रिय ज्येष्ठ आणि सरावात विठ्ठल पाटील यांची स्विंग गोलंदाजी हे सर्व त्यांना एकाच मैदानावर लाभले. 'सनी' हे त्यांचे जगप्रसिद्ध टोपणनावही परांजपे यांनीच दिले. आंतरराष्ट्रीय कीर्ती मिळाल्यानंतरही दौऱ्यांच्या मधल्या काळात ते क्लबच्या सामन्यांत खेळत.

रामनाथ पारकर

रामनाथ पारकर यांचा जन्म १९४६ मध्ये रत्नागिरी येथे झाला. आक्रमक सलामीचे फलंदाज आणि कव्हरमधील चपळ क्षेत्ररक्षक म्हणून ते प्रसिद्ध होते. दादर युनियन आणि मुंबई या दोन्ही संघांसाठी त्यांनी गावसकर यांच्या जोडीने डावाची सुरुवात केली. हीच जोडी डिसेंबर १९७२ मध्ये दिल्ली येथे इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत भारताच्या सलामीस उतरली. क्लबची सलामीची जोडीच देशाची सलामीची जोडी होण्याचा हा दुर्मीळ प्रसंग होता.

दिल्ली व कलकत्ता येथील दोन कसोटी सामन्यांत पारकर यांनी ४, ३५, २६ आणि १५ अशा एकूण ८० धावा केल्या. दिल्लीत भारत पराभूत झाला, तर कलकत्त्याचा सामना भारताने २८ धावांनी जिंकला. त्यानंतर पारकर यांना पुन्हा कसोटी संघात संधी मिळाली नाही. मुंबईसाठी मात्र ते पुढेही खेळत राहिले. एका अपघातानंतर दीर्घकाळ बेशुद्धावस्थेत राहून १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले.

दिलीप वेंगसरकर

दिलीप बळवंत वेंगसरकर यांचा जन्म ६ एप्रिल १९५६ रोजी राजापूर येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण दादरच्या हिंदू कॉलनीतील किंग जॉर्ज शाळेत, म्हणजे आजच्या राजा शिवाजी विद्यालयात, झाले. ही शाळा दडकर मैदानापासून फार दूर नाही. १९७५ मध्ये नागपूर येथे इराणी करंडकाच्या सामन्यात मुंबईकडून खेळताना त्यांनी बिशनसिंग बेदी आणि इरापल्ली प्रसन्ना या कसोटी फिरकी गोलंदाजांवर हल्ला चढवत ११० धावा केल्या. या खेळीने त्यांच्यासाठी भारतीय संघाचे दार उघडले आणि जानेवारी १९७६ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध ऑकलंड येथे त्यांनी कसोटी पदार्पण केले.

त्यांनी ११६ कसोटी सामन्यांत ६,८६८ धावा आणि १७ शतके केली. लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर १९७९ मध्ये १०३, १९८२ मध्ये १५७ आणि १९८६ मध्ये नाबाद १२६ धावा काढून त्यांनी तेथे तीन कसोटी शतके झळकावली. १९८६ च्या सामन्यात भारताने लॉर्ड्सवर पहिला कसोटी विजय मिळवला. त्याच मालिकेत लीड्स येथे त्यांनी आणखी एक शतक केले. चेंडू दोन्ही बाजूंना हलणाऱ्या इंग्लिश वातावरणातील त्यांचे हे सातत्य कांगा लीगमधील सरावाचे फळ म्हणून अनेकदा सांगितले जाते. १९८७ ते १९८९ या काळात त्यांनी दहा कसोटी सामन्यांत भारताचे नेतृत्व केले. त्यांचा शेवटचा कसोटी सामना फेब्रुवारी १९९२ मध्ये पर्थ येथे झाला. पुढे ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले.

संजय मांजरेकर

संजय विजय मांजरेकर यांचा जन्म १२ जुलै १९६५ रोजी मंगळूर येथे झाला. त्यांचे वडील विजय मांजरेकर यांनी भारताकडून ५५ कसोटी सामन्यांत ३,२०८ धावा केल्या होत्या. नोव्हेंबर १९८७ मध्ये दिल्ली येथे वेस्ट इंडीजविरुद्ध संजय यांचे पदार्पण झाले. दुसऱ्या डावात विन्स्टन बेंजामिन यांचा उसळता चेंडू तोंडावर लागल्याने त्यांना मैदान सोडावे लागले.

या आघातानंतर पुनरागमन करून त्यांनी १९८९ मध्ये ब्रिजटाउनच्या वेगवान खेळपट्टीवर १०८ धावा केल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस पाकिस्तान दौऱ्यात लाहोर येथे २१८ धावांची खेळी केली. ३७ कसोटी सामन्यांत त्यांच्या नावावर २,०४३ धावा आणि चार शतके आहेत. बचावाचे अचूक तंत्र हे त्यांच्या फलंदाजीचे वैशिष्ट्य होते. निवृत्तीनंतर ते समालोचक म्हणून प्रसिद्धीस आले.

एकत्र खेळलेले सामने

एकाच क्लबचे दोन खेळाडू भारतीय संघात एकत्र असण्याचे प्रसंग १९७० आणि १९८० च्या दशकांत वारंवार आले. यांतील सर्वांत उल्लेखनीय प्रसंग १९७८-७९ मध्ये कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर घडला. वेस्ट इंडीजविरुद्धच्या कसोटीच्या दुसऱ्या डावात गावसकर (नाबाद १८२) आणि वेंगसरकर (नाबाद १५७) यांनी दुसऱ्या गड्यासाठी ३४४ धावांची अभेद्य भागीदारी केली.

दुसरा प्रसंग १९८७ मधील दिल्ली कसोटीचा आहे. त्या वर्षी मार्चमध्ये गावसकर यांनी बंगळूर येथे ९६ धावांची खेळी करून कसोटी क्रिकेटचा निरोप घेतला होता. नोव्हेंबरमध्ये वेंगसरकर यांनी प्रथमच भारताचे कर्णधारपद भूषवले आणि त्याच सामन्यात मांजरेकर यांनी पदार्पण केले. वेंगसरकर यांनी त्या सामन्यात शतक केले, पण भारताचा पराभव झाला.

भारतीय संघात न पोहोचलेले खेळाडू

आंतरराष्ट्रीय खेळाडूंच्या यादीत क्लबचे काही आधारस्तंभ येत नाहीत. वासू परांजपे (१९३८–२०२१) हे त्यांतील प्रमुख होत. ते २९ प्रथम श्रेणी सामने खेळले, परंतु भारताकडून खेळण्याची संधी त्यांना मिळाली नाही. दादर युनियनचे कर्णधार म्हणून, आणि नंतर प्रशिक्षक म्हणून, त्यांनी अनेक पिढ्यांच्या फलंदाजांना मार्गदर्शन केले. खेळाडूचे तंत्र बदलण्यापेक्षा त्याचा आत्मविश्वास वाढवण्यावर त्यांचा भर असे.

'मार्शल' या टोपणनावाने ओळखले जाणारे विठ्ठल पाटील हे स्विंग गोलंदाज होते. कांगा लीगमध्ये त्यांनी साडेसातशेहून अधिक गडी बाद केले. ओल्या खेळपट्टीवर त्यांचा चेंडू खेळणे नामवंत फलंदाजांनाही जड जाई. भारतीय क्रिकेटमध्ये फिरकीला प्राधान्य असल्याच्या काळात त्यांच्यासारख्या मध्यमगती गोलंदाजाला राष्ट्रीय संघात जागा मिळणे कठीण होते.

हे भाग्य केवळ दादर युनियनच्या वाट्याला आलेले नाही. शिवाजी पार्क जिमखान्याचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांनी १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ गडी बाद केले. मात्र त्यांचा काळ बिशनसिंग बेदी यांच्या काळाशी जुळल्याने त्यांना एकही कसोटी सामना खेळता आला नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यांची संख्या हा एकमेव निकष मानला, तर परांजपे, पाटील आणि शिवलकर यांची नोंद कोठेच होत नाही. प्रत्यक्षात ज्यांची नोंद झाली, त्यांनी खेळाचे धडे याच मंडळींच्या सहवासात घेतले.

शिवाजी पार्क जिमखान्याशी स्पर्धा

दादर युनियनचा पारंपरिक प्रतिस्पर्धी शिवाजी पार्क जिमखाना हा होय. दोन्ही क्लब दादर-माटुंगा परिसरातील असून दोघांचे खेळाडू प्रामुख्याने मराठी मध्यमवर्गातून आलेले होते. विजय मांजरेकर, अजित वाडेकर, रमाकांत देसाई आणि संदीप पाटील हे शिवाजी पार्क जिमखान्याचे कसोटीपटू होत. रूढ समजुतीनुसार शिवाजी पार्कचा खेळ आक्रमक व मनमोकळा, तर दादर युनियनचा खेळ संयमी आणि तंत्रशुद्ध मानला जाई. या दोन संघांतील सामन्यांना प्रेक्षकांची मोठी गर्दी होत असे.

ही स्पर्धा भारतीय संघात मात्र सहकार्याचे रूप घेई. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात गावसकर यांचे कर्णधार वाडेकर होते. १९५२ च्या लीड्स कसोटीत शून्यावर बाद झालेल्या चौघांत मंत्री यांच्यासोबत विजय मांजरेकर यांचाही समावेश होता. पुढे विजय यांचे पुत्र संजय हे दादर युनियनचे खेळाडू म्हणून भारताकडून खेळले. एकाच कुटुंबातील दोन पिढ्यांनी दोन प्रतिस्पर्धी क्लबांचा वारसा असा सांभाळला.

बदललेली परिस्थिती

१९९० च्या दशकापासून आंतरराष्ट्रीय सामन्यांची संख्या वाढत गेली आणि कसोटीपटूला क्लबच्या सामन्यांसाठी वेळ मिळणे कठीण झाले. पुढे खेळाडूंशी केंद्रीय करार होऊ लागले आणि २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली. या स्पर्धेतील संघ खेळाडूंना लिलावात बोली लावून करारबद्ध करतात. इंग्लिश फुटबॉल क्लबांप्रमाणे येथे करार, वेतन आणि संघबदल यांच्या नेमक्या नोंदी उपलब्ध असतात. त्यामुळे एखाद्या संघात असताना कोण भारताकडून खेळले याची यादी आता सहज करता येते. मात्र या संघांतील खेळाडू देशाच्या विविध भागांतून आणि परदेशांतून येतात. संघाच्या नावातील शहर हे त्यांच्या जडणघडणीचे ठिकाण असेलच असे नाही.

दादर युनियनच्या यादीचे स्वरूप नेमके याच्या उलट आहे. तिच्यातील नोंदी कराराच्या कागदावर आधारलेल्या नाहीत, पण मैदान आणि खेळाडू यांचे नाते तिच्यात स्पष्ट दिसते. त्याचे कारण वेळापत्रकात होते. विख्यात कसोटीपटू परदेश दौऱ्यावरून परतल्यावर रविवारी दडकर मैदानावर येई आणि नवोदित मुलांबरोबर एकाच संघात खेळे. त्यामुळे आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधील अनुभव कोणत्याही अकादमीशिवाय पुढील पिढीपर्यंत पोहोचे. मंत्री यांच्याकडून गावसकर यांच्याकडे आणि गावसकर यांच्याकडून वेंगसरकर यांच्याकडे आलेली ही परंपरा त्या एकत्र खेळण्यातून निर्माण झाली होती. कांगा लीग आजही खेळवली जाते, परंतु तिच्यात विद्यमान कसोटीपटू खेळताना दिसण्याचा प्रसंग आता अपवादात्मक झाला आहे.